चढी पट्टी

हौशीराम ओव्हाळांच्या पडवीत भिंतीला दोन खिळे होते आणि दोन्ही खिळ्यांना एकेक पोलादी पट्टी लटकत असे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या जुळ्या बहिणी वाटत. रुंदी तीच, चमक तीच, आकडे तसेच बारीक कोरलेले. पण डाव्या खिळ्यावरची खरी होती आणि उजव्या खिळ्यावरची खोटी. खोटीवर एक मीटर असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ती भरत होती एक मीटर वर दहा मिलिमीटर. ही बनवणाऱ्याची चूक नव्हती. ती मुद्दाम तशी बनवलेली होती.

हौशीराम पॅटर्नमेकर होते. हा धंदा आता सांगूनच समजवावा लागतो. कारखान्यात ओतीव लोखंडाचा कुठलाही भाग, मग तो पंपाचं पोट असो की गिअरची पेटी, आधी लाकडात घडवायचा. ते लाकूड वाळूत दाबून साचा उठवायचा, लाकूड अलगद काढून घ्यायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. आता लोखंड थंड होताना आटतं, मीटरमागे दहा मिलिमीटर. म्हणून लाकूड तेवढं मोठं घडवायला लागतं, आणि प्रत्येक माप घेताना हिशेब करत बसायला नको म्हणून ही खोटी पट्टी. कंपनीत तिला श्रिंकेज स्केल म्हणत. हौशीराम तिला चढी पट्टी म्हणत. जयंतीच्या कार्यक्रमांत ते गायनपार्टीमागे उभे राहून कोरस धरायचे. गाणाऱ्याचा आवाज पुढे पुढे उतरतच जाणार, म्हणून सुरुवात थोडी चढ्या पट्टीत करावी, असं त्यांचं मत. "लोकंडाचं बी तसंच हाय," ते म्हणत. "त्ये उतरणार, ह्ये धरूनच चालायचं."

उर्से टोलनाक्याच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तरी गावाला त्याची सवय व्हायला बरीच वर्षं गेली. पोरवयात हौशीराम गावच्या सुताराच्या अंगणाबाहेर तासन्‌तास उभा राहायचा. रंध्यातून निघणाऱ्या कागदासारख्या ढलप्या वाऱ्याने उडून बाहेर आल्या की वेचायचा, नाकाला लावायचा. सुतार काही वाईट माणूस नव्हता. ढलप्या ने म्हणायचा. पण हत्याराला हात लाव, असं तो कधी म्हणाला नाही, आणि हौशीरामने विचारलंही नाही.

एकोणिसाव्या वर्षी तळेगावच्या एका फाउंड्रीत हमाल म्हणून लागल्यावर तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी हे पोर लाकडाकडे कसं बघतं ते पाहिलं. कुळ, गाव, काहीही न विचारता पटाशी हातात दिली. म्हणाले, "रेघेवर मारू नकोस. रेघ राहिली पाहिजे." हौशीराम ही गोष्ट सांगायचे तेव्हा दरवेळी "हातात दिली" या शब्दापाशी थांबायचे.

लग्न झालं ते मळवलीकडच्या अंबूबाईशी. नवी नवरी घेऊन हे गृहस्थ कुठे गेले, तर भाज्याच्या लेण्यांत. दगडात कोरलेल्या तुळया दाखवल्या, जाळ्या दाखवल्या, आत झुकलेले खांब दाखवले. म्हणाले, "लाकडाच्या घरात खांब असं झुकवावं लागत्यात, वजन धराया. दगडाला गरज न्हाई. तरी त्येंनी झुकवलं. आधी लाकडाचं घर डोळ्यापुढं हुतं म्हणून."

अंबूबाई वर बघत म्हणाल्या, "म्हंजी ह्ये बी पॅटर्नच की."

चाळीस वर्षांनीही हौशीराम हे वाक्य लोकांना सांगत आणि बायकोकडे असं बघत, जणू तिने आत्ताच ते म्हटलंय.

त्या फाउंड्रीत त्यांच्या पॅटर्नवर वाळू ठोकणारा मोल्डर होता उर्शाचा भिमाजी. लाकडाच्या कडांना उतार देतात तो का, हे या दोघांचं रोजचं भांडण. पॅटर्नच्या बाजू अगदी सरळ उभ्या ठेवल्या, तर तो वाळूतून काढताना साचा ओरबाडला जातो. म्हणून निघण्यापुरता उतार द्यायचा. भिमाजीला तो नेहमी कमीच वाटे. "हौश्या, ह्यो निघताना सगळी वाळू घिऊन निघतोय," म्हणून तो ओरडायचा. तरी मनातून त्याला ठाऊक होतं, हौशीरामचा पॅटर्न निघायचा तसा कुणाचाच निघत नसे.

मग फाउंड्री बंद पडली. शेवटच्या दिवशी कुणी पंखा नेला, कुणी कपाट. हौशीरामांनी पॅटर्नच्या गोदामातली जुन्या सागाची एक फळी मागून घेतली, तीन मीटर लांब, वीस वर्षं मुरलेली. "ह्येचं काय करणार?" साहेबाने विचारलं. "बघू," ते म्हणाले. पुढे लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या दारंखिडक्या दुरुस्त केल्या, एका चिक्कीवाल्याला वड्या पाडायच्या लाकडी चौकटी करून दिल्या. त्या सगळ्यात ती फळी कधी खाली उतरली नाही. ती परसातल्या शेडच्या आढ्याला आडवी बांधलेली राहिली.

मुलगा निलेश त्याच धंद्यात गेला, पण काळ बदलला होता. तो कॉम्प्युटरवर आकार काढायचा आणि यंत्र प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत पॅटर्न उभा करायचं. आटीचा आकडा तो टाइप करून भरायचा. एकदा त्याने असा एक प्लॅस्टिकचा पॅटर्न घरी आणून दाखवला. हौशीरामांनी तो उलटसुलट केला, नखाने टिचकी मारली.

"माप बरोबर हाय."

"मग?"

"मग काय? बरोबर हाय. पर ह्येला रेषा न्हाई. कुठनं फाटंल, कुठनं धरंल, कायच सांगत न्हाई ह्ये."

"आबा, ते फाटतच नाही."

"तेच म्हनतो मी," हौशीराम म्हणाले.

दिवाळीनंतर अंबूबाईंना झटका आला. तळेगावच्या दवाखान्यात अठरा दिवस. घरी आणलं तेव्हा बोलणं शाबूत होतं, जरा जड झालं होतं एवढंच. पण डावा हात मेल्यासारखा लोंबत होता आणि डावा पाय ओढावा लागत होता. मधल्या खोलीत भिंतीलगत खाट टाकली. आठवड्यातून दोनदा तळेगावहून प्रतीक्षा नावाची मुलगी व्यायाम करवून घ्यायला यायची. ती स्पष्ट बोलायची. "मावशी, पहिले तीन महिने महत्त्वाचे. पाय आत्ता चालता केला तर चालेल. नंतर तो विसरतो." आणि हौशीरामांना म्हणाली, "काका, खाटेपासून दारापर्यंत भिंतीला धरायला दांडा लावा. रोज थोडं थोडं चालू देत."

दाराबाहेर ओटा होता. तीस वर्षं अंबूबाईंची सकाळ त्या ओट्यावर सुरू व्हायची. चहाची वाटी, समोरच्या डोंगरावर चढत जाणारं ऊन, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस. आता निलेश त्यांना उचलून न्यायला गेला, तर त्यांनी उजव्या हाताने खाटेचा काठ घट्ट धरला.

"उचलून न्यायला मी काय गव्हाचं पोतं हाय का? चालत जाईन. कुणाच्या हाताला न धरता."

"एका हातानं, आई?"

"हात येक असू दे. भित्त उजव्या अंगाला हाय ना." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "जाताना माझी मी जाईन. येताना भित्त डाव्या अंगाला यील, तवा तुमी आना."

"आणीन," हौशीराम म्हणाले.

निलेश त्याच दिवशी म्हणाला, "तळेगावातून स्टीलचा पाइप आणतो, आबा. टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या. संध्याकाळपर्यंत बसेल."

"दवाखान्यात असतोय तसला?"

"हो, तसाच."

"मग रोज हात लावताना तिला वाटंल, अजून तिथंच पडलीय. ऱ्हाऊ दे." आणि ते शिडी घेऊन शेडच्या आढ्याकडे गेले. ती फळी कशासाठी राखली होती, ते त्यांना इतक्या वर्षांनी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा हातात घेऊन ते खाटेपाशी आले. मागून सून सारिका, हे काय नवीन म्हणून बघत.

"मूठ दे," हौशीराम म्हणाले.

"आता हात मागताय? लग्नात भटजी न्हवता म्हणून ऱ्हायलं वाटतं."

"अगं, ह्यो गोळा दाब. दांडा धरशील तसा. तुज्या मुठीच्या मापानं घडवतो."

अंबूबाईंनी गोळा दाबला. चार बोटांच्या चार खळ्या, वर अंगठ्याची एक. तो गोळा बघून त्या सुनेला म्हणाल्या, "ह्येच्या चपात्या करू नगंस गं. माज्या हाताची चव उतरंल आणि मग तुझ्या चपात्या कुणी खायाचं न्हाई."

हौशीरामांनी निलेशला गिरमिट धरायला लावून भिंतीत भोकं पाडली. प्रत्येक भोकात प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, लोखंडी पट्ट्या तापवून, ऐरणीवर वाकवून बनवलेली पाच ब्रॅकेट त्यांत स्क्रूने आवळली. दोन ब्रॅकेटांमधलं अंतर टेपने मोजून बरोबर सातशे मिलिमीटर. पहिलं खाटेच्या डोक्याशी, पाचवं दाराच्या चौकटीशी. मग ते शेडमध्ये गेले आणि सहा दिवस तिथेच होते. फळी चिरली, रंधली, गोल पात्याने खालून दांडाभर बोटांच्या खळ्या काढल्या, पुन्हा पुन्हा कणकेच्या वाळून कडक झालेल्या ठशावर बसवून पाहिली. काच-कागदाने घासता घासता साग असा गुळगुळीत झाला, की हात ठेवला तर घसरू नये आणि धरला तर टोचू नये. सगळ्यात शेवटी बोल्टसाठी पाच आरपार भोकं. ते पडवीत आले, पट्टी काढली, शेडमध्ये जाऊन खुणा केल्या, भोकं पाडली.

त्या सकाळी सारिका अंबूबाईंना घेऊन न्हाणीत गेली होती. हौशीरामांनी दांडा आणून ब्रॅकेटांना लावला. पहिलं भोक जुळलं. दुसरं पुढे सरकलेलं दिसलं. तिसरं त्याहून पुढे. चौथं जवळजवळ ब्रॅकेटच्या बाहेरच गेलं, आणि पाचव्यापर्यंत पोचायच्या आत दांड्याचं टोक चौकटीला जाऊन थडकलं.

सात. चौदा. एकवीस. अठ्ठावीस. मोजायची गरजच नव्हती.

ते पडवीत गेले. उजवा खिळा रिकामा होता.

सगळ्या आयुष्यात त्यांची ही चूक झाली नव्हती. घरातलं किरकोळ काम, खुंटी, फळी, पाटाचा पाय, यासाठी हात डाव्या खिळ्याकडे जायचा. जीव ओतून करायचं काम असलं की उजव्या. इतकी वर्षं हाताला एवढंच ठाऊक होतं. कामात जीव ओतला आणि हात आपोआप उजवीकडे गेला.

न्हाणीतून अंबूबाईंचा आवाज येत होता. त्यांनी घाईघाईने दांडा खांद्यावर टाकला आणि परत शेडमध्ये नेऊन ठेवला.

"झाला का दांडा?" खाटेवर टेकताच अंबूबाईंनी विचारलं.

"झाला. पॉलिश मारलंय. वाळाया पायजे."

हे ते खोटं बोलले. एवढंच एक खोटं, पण पुढचे आठ दिवस ते त्यालाच धरून चालले.

भोकं बुजवून नवी पाडली असती तर तिच्या तळव्याखाली ठिगळं आली असती. ते त्यांना चालणार नव्हतं. लोणावळ्यात एक जुना बंगला पाडत होते, तिथे त्यांनी कधीतरी दारं बसवली होती. तिथला सागाचा वासा मिळाला तर दुसरा दांडा होईल, असं त्यांनी ठरवलं. दोन दिवस वाशाच्या मागे गेले. टेम्पो शोधण्यात एक. अंबूबाई रोज सकाळी विचारायच्या, "वाळलं का?" आणि ते म्हणायचे, "अजून चिकट हाय." तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाज्याच्या लेण्याला बी इतकं दिस लागलं नसत्याल." हसल्या. तेही हसले, आणि शेडमध्ये जाऊन बराच वेळ तसेच बसून राहिले.

तिथेच भिमाजीने त्यांना गाठलं. गुडघ्यांवर हात टेकत तो आत आला आणि दोन दांडे बघून म्हणाला, "हौश्या, वहिनी काय मल्लखांब खेळनार हाय का? दोन दोन कशाला?" मग पहिल्या दांड्याची भोकं त्याच्या नजरेला पडली. शेजारी लाकडावर ठेवलेली चढी पट्टीही दिसली. मोल्डरला सांगावं लागत नाही. तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला.

"लोकंड ओतणार हुतास का काय ह्येचं? का आसं कर, भित्त तापव चांगली. वाढंल दोन बोटं."

हौशीराम रंधा मारत राहिले.

"अरं, भोकं लांबव की कानशीनं. वर वायसर टाक. कुत्रं बी बघत न्हाई."

"मी बघन."

भिमाजीचं हसू गेलं. "तू बघावं म्हनून केलायस का त्यो? तिनं धरावं म्हनून केलायस."

"आजवर मी येक भोक लांबवलं न्हाई, भिमा."

"मग आज लांबव," भिमाजी म्हणाला. पण त्याने पुढे रेटलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "ती पोरगी तीन महिने म्हनाली हुती ना?"

त्यातला दीड केव्हाच संपला होता.

नवव्या दिवशी दुसरा दांडा झाला. या खेपेला हौशीरामांनी पट्टीच वापरली नाही. पहाटे, सगळे झोपेत असताना, कच्चा दांडा ब्रॅकेटांना लावून खडूने खुणा केल्या होत्या. दहाच्या सुमारास ते तो खांद्यावर घेऊन मधल्या खोलीत आले. अंबूबाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. सारिका मागे भांडी घासत होती.

"आलो बघ," हौशीराम म्हणाले. "आता घाई करू नगंस. आधी पाय खाली सोड."

ते भिंतीकडे तोंड करून कामाला लागले. पहिला बोल्ट बसला. दुसरा बसला. पाना फिरवता फिरवता बोलत होते, जसं माणूस काम चांगलं होत असलं की बोलतं. ओट्यावर बाज टाकून ठेवलीय, ऊन आलंय, डोंगरावर कुणीतरी वणवा लावलाय, भिमाची गाय व्यायलीय. तिसरा बसला, चौथा बसला. पाचवा आवळला आणि त्यांनी दांड्याला हिसका दिला. भिंत हलली असती, दांडा हलला नसता.

"ऊठ आता, अंबू."

मग ते वळले.

उशीवर मान एका बाजूला कलली होती. उजवा हात खाटेच्या काठाशी, मूठ अर्धी मिटलेली. पाय खाली सोडलेले होते.

बौद्धवाडीतली माणसं जमली. त्रिशरण झालं, पांढऱ्या चादरीवर फुलं पडली. नदीकाठी ज्वाळा वर गेल्यावर भिमाजी हौशीरामांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला सांत्वन करता येत नसे. तो म्हणाला, "उतार चांगला हुता. साचा जरा बी मोडला न्हाई निघताना." हौशीरामांनी मान हलवली. कुणाचंच बोलणं सकाळपासून त्यांच्या कानात शिरलं नव्हतं. हे शिरलं.

पण साचा मोडला होता. ते रोज त्या खाटेवर बसायचे आणि भिंतीवरच्या दांड्याकडे बघायचे. पाचही बोल्ट रेषेत. त्यावर कुणाचाही हात कधी पडला नव्हता. आठ दिवस. पाइप लावला असता तर पंधरा दिवस. कानस मारली असती तर आठ दिवस. निलेशने जेवायला बोलावलं की उठायचे, जेवायचे, आणि परत येऊन बसायचे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे पांगल्यावर सारिका त्यांच्यासमोर येऊन खाली बसली.

"आबा, एक सांगायचंय. आईंनी सांगू नको म्हटलं होतं."

"सांग."

"तुम्ही लोणावळ्याला वासा बघायला गेलात ना, त्या दिवशी आई म्हणाल्या, शेडमधला दांडा आण, पॉलिश वाळलं का बघू. मी आणून मांडीवर ठेवला. पॉलिश नव्हतंच त्याला."

हौशीरामांनी भिंतीवरच्या दांड्याकडे पाहिलं.

"मूठ बसवून बघितली त्यांनी. किती वेळ नुसत्या धरून बसल्या. म्हणाल्या, बघ गं, माझाच हात हाय ह्यो. मग मला म्हणाल्या, भिंतीला लावून बघ. लावला, तर भोकं जुळेनात. तर हसायला लागल्या. म्हणाल्या, चढ्या पट्टीनं मारलीत. चांगलं काम म्हटलं की ह्यांचा हात तिकडंच जातो."

"तिला कळलं हुतं?"

"लगेच. मी म्हटलं, आबांना सांगूया, आहे तसाच बसवू दे. तर म्हणाल्या, न्हाई. चुकलंय हे त्यांनी माझ्यापुढं आणलं न्हाई, तर मी कशाला आणू. करू दे सावकाश. मी काय कुठं पळून जाते."

ओट्यावर कुणाची तरी चप्पल वाजली आणि पुढे निघून गेली.

"रोज इचारायची, वाळलं का," हौशीराम म्हणाले.

"तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं असायचं त्यांना." सारिकाने डोळे पुसले. "आणि आबा, त्या दिवशी त्या चालल्या. दांडा नव्हता तरी. म्हणाल्या, लोखंड तर हाय. एकेक ब्रॅकेट धरत. मी मागं होते, पण हात लावू दिला नाही."

"कुठवर?"

"तिसऱ्यापर्यंत. मग म्हणाल्या, बास, पुढचं त्यांच्या दांड्यावर. मी धरून मागं आणलं."

हौशीराम उठले. तिसऱ्या ब्रॅकेटपाशी गेले, दांड्याखालून बोट घालून लोखंड चाचपलं. तिथे अर्थातच काही नव्हतं. लोखंड काही सांगत नाही. मग ते शेडमध्ये गेले आणि कोपऱ्यात उभा करून ठेवलेला पहिला दांडा बाहेर उन्हात आणला.

"निलेश," त्यांनी हाक मारली. "भित्तीवरचा काढ."

"आबा, तो बरोबर आहे की."

"व्हय. बरोबर हाय. पर त्याला तिनं हात लावला न्हाई."

दुसरा दांडा निलेशने कपड्यात गुंडाळून प्रतीक्षाकडे पोचवला, ज्या कुणाला लागेल त्याच्यासाठी. मूठ थोडीफार सगळ्यांची सारखीच असते, असं हौशीराम म्हणाले.

पहिल्या दांड्यासाठी त्यांनी कानस काढली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं ते इतकं सोपं होतं, की आठ दिवसांत एकदाही का दिसलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. सुरुवात पहिल्या भोकापासून करायची कशाला? तिसरं भोक तिसऱ्या ब्रॅकेटवर बरोबर बसवलं तर चूक दोन्हीकडे वाटली जाते. अलीकडे सात आणि चौदा, पलीकडे सात आणि चौदा. टोक चौकटीला थडकत होतं तेवढं कापलं की झालं. ती तिसऱ्यापर्यंत गेली होती. मोजायला सुरुवात तिथूनच.

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भोकं लांबवली. हळू, आजूबाजूची कड न सोलता. लांबट भोकांवर टाकायला काय, असं निलेशने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या मशिनीत चकत्या हुत्याल का? दोन सातच्या, दोन चौदाच्या. लांबट. वरनं हाताला लागू नयेत."

"प्लॅस्टिकच्या?"

"मग काय सोन्याच्या?" आणि उजव्या खिळ्यावरची पट्टी काढून त्याच्या हातात दिली. "माप हिच्यानं घे. भोकं हिचीच हायेत."

दुसऱ्या दिवशी निलेशने खिशातून चार चकत्या काढल्या, सागाच्या रंगाच्या. एकेक भोकात दाबली तशी ती कुरकुर न करता बसली. हौशीरामांनी वरून अंगठा फिरवला. लाकूड कुठे संपलं आणि प्लॅस्टिक कुठे सुरू झालं, ते अंगठ्याला कळलं, पण टोचलं नाही. "बरोबर हाय," ते म्हणाले. या वेळी पुढे काही जोडलं नाही. भिमाजी आला होता. त्याने त्या लांबट चकत्या पाहिल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तंबाखू मळत बसला.

आता रोज सकाळी हौशीराम खाटेवरून उठतात. डावा हात लोंबता सोडतात आणि उजव्या हाताने दांडा धरतात. मूठ त्यांच्या हाताला बसत नाही. खळ्या लहान पडतात, बोटं दोन खळ्यांच्या मधल्या उंचवट्यावर येतात. तरी तशीच धरून ते एकेक पाऊल टाकत जातात. तिसऱ्या ब्रॅकेटपाशी थोडं थांबतात. मग पुढची दोन अंतरं, चौकट, उंबरा आणि ओटा. समोर ऊन डोंगर चढत असतं. सारिका चहाची वाटी आणून ठेवते. येणाराजाणारा "जय भीम, आबा" म्हणतो आणि ते प्रत्येकाची विचारपूस करतात. पूर्वी ते करत नसत, ते काम तिचं होतं.

चहा संपतो. परत येताना भिंत डाव्या अंगाला असते, आणि आणायचं कबूल केलेलं असतं. हौशीराम दांड्याला हात लावत नाहीत. उजवा हात जरा बाजूला धरून, कुणाला तरी सावकाश आणावं तसे, खाटेपर्यंत ते आडवे आडवे चालत येतात.